चेहऱ्याची साल

"भाजलं का गं?" गेल्या डिसेंबरात नातेवाइकांचे जेवढे फोन आले, त्यातल्या निम्म्यांची सुरुवात याच प्रश्नाने झाली. तर मंडळी, एकदाच जाहीर उत्तर देते. हो, भाजलं. भाजून घ्यायलाच गेले होते, आणि त्याचे पैसे मोजून आले.

मुरुमांनी पाडलेल्या खड्ड्यांसाठी मी चेहऱ्यावर लेझर रिसरफेसिंग करून घेतलं. या शब्दाला मराठीत धड प्रतिशब्द नाही. रिसरफेसिंग म्हटलं की मला महापालिकेचं डांबर आठवतं, आणि उपमा तशी फार चुकीचीही नाही. फक्त इथे वरून नवा थर ओतत नाहीत. जुना उडवतात आणि नवा आतून येण्याची वाट बघतात. ते दिवस घरात कोंडून काढावे लागतात. उन्हात जायचं नाही, गॅसपुढे उभं राहायचं नाही, आरशात बघवत नाही... मग माणूस करणार काय? वाचणार. त्या दिवसांत आणि नंतरही जे वाचत गेले ते इथे एकत्र टाकतेय. ज्यांना फक्त "किती दुखतं" एवढंच हवंय त्यांनी सरळ खाली उतरावं, मी रागावणार नाही :)

भाजल्यावर डाग पडतो हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मग मुद्दाम भाजल्यावर जुने डाग कमी कसे होतात? इतिहासाकडे जायच्या आधी एवढं समजून घेतलेलं बरं. चेहऱ्याच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदाइतका, म्हणजे एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाड. तो सारखा झडतो आणि सारखा नवा होतो. त्याच्याखालचा थर जाड आणि चिवट. त्यात रक्तवाहिन्या, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी, आणि केसांची मुळं. वरचा थर साफ गेला तरी या मुळांभोवती दडलेल्या पेशी वर येऊन पसरतात आणि जखम झाकून टाकतात. शेतातली हरळी वरून कितीही कापा, खाली काश्या शिल्लक असल्या की ती पुन्हा उगवतेच, तसं. चेहऱ्यावर ही मुळं दाट असतात (बायकांच्याही, लव असतेच ना), म्हणून चेहरा पटकन भरतो. मानेवर विरळ असतात, म्हणून तेवढ्याच ताकदीने मान भाजली तर व्रण राहू शकतो. शिवाय खालच्या थराला बेताचा शेक बसला की तिथे नवं कोलॅजन तयार होतं आणि उथळ खड्डे थोडे वर येतात. पण या मुळांच्याही खाली गेलात तर संपलं. मग नवी त्वचा फक्त कडांवरून सरकत येते, आणि मध्ये राहतो तो कायमचा वण.

म्हणजे सगळा खेळ खोलीचा. कुठे थांबायचं हे शिकायला डॉक्टर लोकांना शंभरेक वर्षं लागली. त्या शिकण्यातच आपला इतिहास आहे.

त्याआधीचं थोडक्यात. इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे इसवी सनापूर्वी 1550 च्या सुमाराला, अलाबास्टर दगडाची पूड, नॅट्रॉन, मीठ आणि मध यांचा लेप त्वचा पालटण्यासाठी सांगितलाय. घासायला पूड, वर मऊपणाला मध. आपलं दिवाळीचं उटणं किंवा डाळीचं पीठ आणि दही याच घराण्यातलं. घासणं डाळीचं, आणि मेलेल्या पेशी सुटायला मदत करणारं आम्ल दह्याचं. पण हे सगळं वरवरचं. खड्ड्यांना उटणं पुरत नाही.

आणि खड्डे म्हणजे जगभर, हजारो वर्षं, एकाच रोगाचे. देवीचे. जुन्या पिढीला सांगायला नको, पण भाचरांसाठी सांगते. देवी म्हणजे शीतलादेवीच्या नावाने ओळखला जाणारा तो साथीचा रोग. त्याच्या भयंकर प्रकारात साधारण शंभरातले तीस दगावत. वाचलेल्यांपैकी 65 ते 80 टक्के लोकांच्या अंगावर खोल वण राहत, आणि सगळ्यात जास्त चेहऱ्यावर, कारण तो विषाणू तेलाच्या ग्रंथी पोखरायचा आणि चेहऱ्यावर त्या भरपूर. महाराजा रणजितसिंगांचा एक डोळा देवीनेच गेला आणि चेहऱ्यावर वण राहिले. स्टालिनचा चेहराही वणांचा होता, पण सरकारी फोटोंत ते पुसलेले असत. युरोपातल्या उच्चभ्रू मंडळींनी सतराव्या-अठराव्या शतकात वणांवर काळ्या रेशमाच्या टिकल्या चिकटवल्या आणि पुढे तीच फॅशन झाली. भारतातली देवीची पहिली लस 14 जून 1802 ला मुंबईत टोचली गेली, तीन वर्षांच्या एका मुलीला. तरी रोग इथून जायला 1975 साल उजाडलं, आणि जगातून तो गेल्याचं जाहीर झालं 1980 साली.

माझ्या आत्याला देवी आल्या 1949 साली, वाईजवळच्या आमच्या गावी. तेव्हा ती पाच वर्षांची. (तिची परवानगी घेऊनच लिहितेय. "लिही, पण फोटो टाकू नकोस," म्हणाली.) ती वाचली, धाकटा भाऊ गेला. तिच्या गालांवर आणि नाकाच्या शेंड्यावर वण राहिले. 1964 साली तिला स्थळं बघायला सुरुवात झाली, तेव्हा आजोबांनी साताऱ्याला स्टुडिओत नेऊन तिचा फोटो काढवला. त्या काळी फोटोग्राफर निगेटिव्हवर बारीक टोकदार पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे खड्डे भरून काढत. आत्याचा चेहरा त्या फोटोत सायीसारखा दिसतो, मी पाहिलाय. फोटो पसंत करून लोक घरी यायचे आणि दिवसाउजेडी खरी मुलगी बघायचे. एका मुलाच्या आईने तर तिथल्या तिथे विचारलं, "फोटो हिच्या बहिणीचा का?" अशी चार स्थळं गेली. मग आत्याने आजोबांना सांगितलं, दादा, पुढचा फोटो पेन्सिल न लावता काढा, निदान येणाऱ्यांचं जेवण तरी वाया जायचं नाही. त्या दुसऱ्या फोटोवर जे पहिलं स्थळ आलं ते आमचे आतोबा.

वण उतरवण्याची गोष्ट तोवर जगात नव्हती असं मात्र नाही. बर्लिनच्या अर्न्स्ट क्रोमायर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञाने 1905 सालीच मोटरवर फिरणाऱ्या चाकांनी आणि कानशींनी त्वचा घासून वण उतरवायला सुरुवात केली होती. दंतवैद्याचं ड्रिल असतं ना, त्याचंच भावंड समजा. त्याचं खरं मोठेपण यंत्रात नव्हतं. खालच्या थरात फार खोल न जाता थांबलं तर जखम व्रण न ठेवता भरते, हे त्याने नोंदवलं. पण लोकांनी फारसं लक्ष दिलं नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर, 1953 साली, न्यूयॉर्कच्या ॲबनर कर्टिनने त्वचा गारठवून कडक करायची आणि वेगाने फिरणाऱ्या तारेच्या ब्रशने घासायची पद्धत लिहून काढली, तेव्हा कुठे तिचा प्रसार झाला. डर्माब्रेजन म्हणतात ते हेच. गारठवायला इथिल क्लोराइडचा फवारा मारत, आणि तो पेट घेणारा! एकीकडे रक्ताचे तुषार, दुसरीकडे पेटता वायू. तरीही मुरुमांच्या वणांसाठी लोक रांगा लावत होते, यावरून त्या वणांचं ओझं किती असेल बघा.

दुसरी वाट आम्लाची. फिनॉल, म्हणजे आपलं कार्बोलिक, जखमेत पू होऊ नये म्हणून लिस्टरने 1867 च्या सुमाराला गाजवलं तेच. हॅम्बुर्गच्या पॉल उन्नाने 1882 साली सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिन, फिनॉल वगैरेंनी त्वचेची साल कशी निघते ते लिहून ठेवलं होतं. पण या विद्येचा धंदा अमेरिकेत केला तो डॉक्टर नसलेल्या मंडळींनी. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात घरगुती गुप्त नुस्खे बाळगून असलेल्या बायका श्रीमंतांच्या चेहऱ्यांची साल काढून देत. डॉक्टर त्यांना नावं ठेवत आणि गुपचूप त्यांचेच नुस्खे मिळवायचा प्रयत्न करत. शेवटी 1961 च्या सुमाराला मायामीच्या बेकर आणि गॉर्डन यांनी एक कृती छापली : फिनॉल, पाणी, द्रव साबणाचे काही थेंब आणि क्रोटन तेलाचे तीन थेंब.

हे क्रोटन तेल म्हणजे काय, माहितेय? जमालगोटा! गोष्टींमध्ये शत्रूच्या जेवणात घालतात तोच. चाळीस वर्षं सगळे समजत होते की काम फिनॉलच करतंय, जमालगोटा नुसता सोबतीला. 2000 साली ग्रेगरी हेटर नावाच्या सर्जनने दाखवून दिलं की साल किती खोल निघणार हे बरंचसं जमालगोट्याच्या प्रमाणावरच ठरतं. चाळीस वर्षं लोकांच्या चेहऱ्यांना लावताहेत आणि त्यातलं औषध कुठलं हेच नक्की माहीत नाही. वाचून मला हसावं की घाबरावं कळेना. या सालीची दोन मोठी दुखणी होती. फिनॉल रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. आणि नवी येणारी त्वचा चिनीमातीसारखी पांढुरकी, जबड्यापाशी सरळ रेघ मारल्यासारखी वेगळी. गोऱ्या चेहऱ्यावर ते एकवेळ खपून जातं. आपल्या रंगावर मुखवटा घातल्यासारखं दिसेल.

आता बारामती.

हो, बारामतीच. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म 1938 साली बारामतीत झाला आणि इंजिनीअरिंगची पदवी 1958 साली पुण्याच्या सीओईपीतून. पुढे स्टॅनफर्ड, आणि तिथून 1961 साली न्यू जर्सीतली बेल लॅब्ज. त्याच्या आदल्याच वर्षी, 16 मे 1960 ला, मेमनने कॅलिफोर्नियात माणकाच्या कांडीतून जगातला पहिला लेझर चमकवला होता. पटेलांनी लेझरसाठी वायू तपासायला घेतले आणि 1964 साली कार्बन डायऑक्साइडचा लेझर जगापुढे आला. तेव्हा ते पंचविशी-सव्विशीचे. त्यात नायट्रोजन मिसळल्यावर ताकद कैक पटींनी वाढते हेही त्यांनीच दाखवलं. हा किरण डोळ्याला दिसत नाही. त्याची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन, म्हणजे दिसणाऱ्या लाल प्रकाशाच्या पंधरा पटींहून अधिक. आणि त्याचा एक गुण असा की पाण्याला तो फार आवडतो. पाण्याचा थर लागला की तिथल्या तिथे शोषला जातो आणि पाण्याची वाफ करतो. त्वचा म्हणजे बहुतांशी पाणीच. पटेल काही चेहऱ्यांचा विचार करत नव्हते, कारखान्यात धातू कापण्यापासून अनेक ठिकाणी त्यांचा लेझर गेला. पण माझ्या गालावरून फिरला तो हाच.

1964! आत्याचा पेन्सिल लावलेला फोटोही त्याच वर्षीचा. बारामती आमच्या गावापासून फार तर शंभर किलोमीटर. हा योगायोग मी आत्याला सांगितला तर ती म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

तेव्हा सांगूनही उपयोग नव्हता. लेझर त्वचेवर वापरून बघणारा पहिला मोठा माणूस सिनसिनाटीचा लिऑन गोल्डमन, 1960 च्या दशकातच त्याने हे काम सुरू केलं. 1970 च्या दशकात कार्बन डायऑक्साइडचा लेझर स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेत पोचला, कारण कापता कापता तो रक्तही थांबवतो. चेहऱ्यावर मात्र अडचण होती. किरण अखंड चालायचा, आणि जिथे पडला तिथली उष्णता आजूबाजूला झिरपून नको तेवढं भाजायचं. तापलेल्या तव्याला बोट लावून झटकन काढलं तर चटका बसतो न बसतो. तेच बोट टेकवून ठेवलं तर? वेळेचा हा हिशोब 1983 साली बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी सायन्स नियतकालिकात मांडला. ज्या गोष्टीला तापवायचंय ती थंड व्हायला जेवढा वेळ घेते, त्याहून कमी वेळ झोत द्या, म्हणजे शेजाऱ्याला झळ लागणार नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने रक्तवाहिन्या आणि रंगाचे कण होते, पण हिशोब पाण्यालाही लागू पडत होता. त्वचेच्या बारीकशा थरासाठी ती वेळ येते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला एवढा छोटा आणि तरीही ताकदवान झोत देणारी यंत्रं आली आणि अमेरिकेत या उपचाराची लाटच उसळली. पाठोपाठ 1996 च्या सुमाराला अर्बियमचा लेझर आला. त्याला पाणी आणखी प्रिय, त्यामुळे तो अधिक उथळ सोलतो.

या पहिल्या पिढीच्या उपचारात अख्खा चेहरा सोलून निघायचा. सात ते दहा दिवस उघडी जखम, त्यातून पाझरणारं पाणी, नंतर तीन-चार महिने लालबुंद तोंड. काहींना सहा महिने-वर्षाने, सगळं ठीक झालं म्हणेपर्यंत, त्वचा कायमची फिकट पडू लागायची. आणि सावळ्या लोकांचं काय? त्वचेचे वर्ग सांगणारी फिट्झपॅट्रिकची जी मोजपट्टी आज डॉक्टर वापरतात, ती 1975 साली अतिनील किरणांचा डोस ठरवायला तयार झाली आणि सुरुवातीला मुख्यतः गोऱ्या कातडीसाठीच होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे वर्ग नंतर नीट जोडले. आपल्यासारख्या त्वचेतल्या रंगपेशी कुठल्याही दुखापतीवर चवताळून उठतात. डास चावला तरी महिनाभर काळा ठिपका राहतो की नाही? मग अख्खा चेहरा भाजला तर काय होईल! त्यामुळे ती सगळी लाट आपल्या दारावरून जाताना डॉक्टर हात राखूनच राहिले. ते बरोबरच होतं असं मला वाटतं.

आपल्यासाठी गणित बदललं ते 2004 साली. पुन्हा बोस्टन, पुन्हा अँडरसन, आणि त्यांच्याबरोबर डीटर मॅनस्टाइन वगैरे मंडळी. कल्पना इतकी साधी की आधी कुणाला का सुचली नाही असं वाटावं. सगळा चेहरा भाजायचाच कशाला? ठिपके ठिपके भाजा. मध्ये निरोगी त्वचा शिल्लक ठेवा. रांगोळीचा ठिपक्यांचा कागद डोळ्यासमोर आणा. भोकांमधून रांगोळी खाली पडते, बाकीचा कागद शाबूत. प्रत्येक सूक्ष्म जखमेच्या चहूबाजूंनी चांगली त्वचा असल्यामुळे ती एक-दोन दिवसांत झाकली जाते. एका बैठकीत चेहऱ्याचा थोडाच भाग भाजतो, म्हणून बैठका जास्त लागतात. सुरुवात वेगळ्या, वरची साल न उडवणाऱ्या लेझरने झाली, आणि दोन-तीन वर्षांत पटेलांचा कार्बन डायऑक्साइडही ठिपक्यांत विभागला गेला. काळे डाग पडायचा धोका यातही आहेच, पण आटोक्यातला.

क्रोमायरला कळलं होतं कुठे खाली थांबायचं. मॅनस्टाइनच्या मंडळींनी दाखवलं बाजूला कुठे थांबायचं.

भाजण्याचा इतिहास झाला. भरून येण्याचा इतिहास याहून वेगळा आहे आणि मला तो जास्त आवडला, कदाचित त्या वेळी मी भरून येत होते म्हणून.

आपल्याकडे जखमेबद्दल एकच शहाणपण : उघडी ठेव, वारा लागू दे, सुकू दे, खपली धरली की झालं. 1962 साली लंडन विद्यापीठातल्या जॉर्ज विंटरने डुकरांच्या पिल्लांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या आणि काही प्लॅस्टिकच्या पातळ कागदाने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा साधारण दुप्पट वेगाने आली. खपली म्हणजे नव्या पेशींच्या वाटेतला दगड. त्यांना तिच्याखालून वाट खोदत जावं लागतं. म्हणून लेझरनंतर चेहरा एक क्षणही कोरडा पडू द्यायचा नाही. काय लावायचं? व्हॅसलीन. ते आलं पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींतून. पंपाच्या दांड्यांवर साचणारं मेणचट काहीतरी कामगार भाजल्या-कापल्यावर लावतात हे रॉबर्ट चेसब्रो नावाच्या रसायनवाल्याने पाहिलं, ते शुद्ध केलं आणि 1872 साली पेटंट घेतलं. विकताना तो लोकांसमोर स्वतःला भाजून त्यावर ते लावून दाखवायचा म्हणे. जगला 96 वर्षं.

आणि तिसरी व्यक्ती गर्ट्रूड एलियन. ताप आला की ओठाच्या कडेला ज्या पुटकुळ्या येतात, त्याचा विषाणू आपल्यातल्या बहुतेकांच्या अंगात निपचित पडून असतो. चेहरा भाजला की तो जागा होतो, आणि उघड्या जखमेवर पसरला तर सगळ्या चेहऱ्यावर व्रण करू शकतो. एलियन यांच्या गटाने 1970 च्या दशकात ॲसायक्लोव्हिर शोधलं, तेव्हा या संकटावर इलाज आला. त्यांना 1988 साली नोबेल मिळालं, पीएचडी न करता. मला आदल्या दिवसापासून त्याच कुळातल्या गोळ्या दिल्या होत्या. आपण गोळी गिळतो तेव्हा कुणाकुणाचं काय काय गिळतो हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आता माझी गोष्ट, थोडक्यात. आधी कानामागे चाचणीचा एक ठिपका, महिनाभर थांबून रंग बघितला. प्रत्यक्ष दिवशी तासभर बधिर करायचं मलम, डोळ्यांवर झाकणं. मग टक् टक् टक् असा आवाज आणि केस जळाल्याचा वास. वास सगळ्यात वाईट. दुखणं म्हणाल तर मिरचीचा हात तोंडाला लागल्यावर होतं तसं, पण अख्ख्या चेहऱ्याला, आणि ते दोन-तीन तासांनी उतरलं. दुसऱ्या दिवशी डोळे सुजून चिंबोरीसारखे. तिसऱ्या दिवशी गालांवर चहाची गाळणी दाबून उठवावी तसे बारीक तपकिरी ठिपके, आणि हात लावला तर पॉलिश पेपर. दोन उशांवर डोकं उंच ठेवून झोप. दर चार तासांनी उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायचं आणि लगेच मलम. सासूबाईंनी हळद पुढे केली, शेजारच्या काकूंनी टूथपेस्ट सुचवली. दोघींना विंटरची डुकरं समजावून सांगता सांगता माझी करमणूक झाली. चौथ्या-पाचव्या रात्री मात्र खाज अशी की हात बांधून ठेवावेत. सातव्या दिवशी शेवटचे ठिपके गळून पडले आणि खाली गुलाबी-तांबूस नवी त्वचा.

आणि तिसऱ्या आठवड्यात गालाच्या हाडावर दोन्ही बाजूंना काळसर पट्टे उमटले. डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं तरी पोटात गोळा आला. त्या दिवसांत मी नवऱ्याशीही दिवा बंद केल्यावरच बोलत होते. इतकी वर्षं खड्डे होते, पण ते माझे आणि ओळखीचे होते. हे पट्टे मी विकत आणले होते. सनस्क्रीन, टोपी, रात्रीचं मलम... मार्चअखेर ते पुसट झाले, मे महिन्यात गेले. खड्डे? उथळ होते ते जवळजवळ बुजले. खोल होते ते आहेत, फक्त त्यांच्या कडा मऊ झाल्यात. तिरक्या उजेडात दिसतात. घरातल्यांना फरक कळतो, भाजीवाल्याला कळला नाही.

मेमध्ये आत्या राहायला आली. आल्या आल्या माझा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेला आणि अंगठ्याने गाल चाचपले, भाकरीचं पीठ मळून झालंय का बघावं तसे. मग सहज विचारल्यासारखं म्हणाली, "माझ्यावर चालेल का गं हे?" ती आता ऐंशीच्या पुढे आहे. मी खरंच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, थोडा फरक पडू शकतो, पण देवीचे वण फार खोल असतात, या वयात त्वचा पातळ आणि सावकाश भरणारी, त्यात त्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. मी आत्याला जसंच्या तसं सांगितलं. "विचारून ठेवलं फक्त," म्हणाली, आणि शेंगा सोलायला बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं की ते पटेल हयात आहेत का, आणि बारामतीत त्यांचं घर कुठल्या आळीला होतं. मला सांगता आलं नाही.

माझी दुसरी बैठक पावसाळ्यात आहे, ऊन कमी असताना. डॉक्टरांचं नाव ज्यांनी विचारलंय त्यांना वेगळं कळवते, इथे लिहीत नाही. आणि माधुरी, तुझ्या लेकीच्या मुरुमांच्या गोळ्या चालू असतील तर आधी तिच्या डॉक्टरांना विचार. त्या गोळ्या आणि लेझर यांत किती अंतर ठेवायचं हे त्यांनाच ठरवू दे. लग्न फेब्रुवारीत असेल तर नोव्हेंबरात सुरुवात करणं फार उशिरा होईल.